निळ्या ठिगळाचा सदरा

मित्रांनो, मिसुरी राज्यातल्या एका लहान गावच्या संग्रहालयात, दुसऱ्या दालनात, खिडकीपासून लांब एक उथळ काचेची पेटी आहे. तिच्यात उताणा निजलेला तपकिरी सदरा म्हणजे मी. माझं वय एकशे साठच्या वर आहे. मी इंग्रजी बोलणाऱ्या घरात जन्मलो, पण मला मराठी येते, कारण गेल्या उन्हाळ्यात यामिनी नावाची मुलगी तीन महिने माझ्यावर वाकून काम करत होती. काम करता करता फोन स्पीकरवर ठेवून ती नागपूरला आईशी बोलायची. ऐकता ऐकता मी शिकलो. तिची गोष्ट पुढे येईलच. आधी माझ्या जन्माची सांगतो.

१८६३ सालचा वसंत होता. देशात गुलामगिरी ठेवायची की नाही यावरून अमेरिकेत यादवी पेटली होती. सरकार आणि उत्तरेकडची राज्यं एका बाजूला, गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडची राज्यं दुसऱ्या बाजूला, आणि मिसुरी बरोबर मधल्या सीमेवर. इथे मोठ्या फौजांच्या लढाया थोड्या झाल्या. जास्त लढाई झाली ती लोकांच्या अंगणात, ओढ्याकाठी, रस्त्याच्या वळणावर. कुठल्याही सैन्यात नाव नसलेली माणसं रानात लपायची, अचानक तुटून पडायची आणि पुन्हा झाडीत नाहीशी व्हायची. लोक त्यांना झुडपातली माणसं म्हणायचे.

टॅकेट नावाच्या कुटुंबाचं शेत या भागात होतं. शेजारच्या कॅन्सस राज्यातून, सरकारी बाजूची म्हणवणारी एक टोळी आली. तिने धान्याचं कोठार जाळलं आणि बापाला दारात गोळी घातली. मागे राहिली दोन भावंडं, वीस वर्षांचा अमोस आणि अठरा वर्षांची लव्हिनिया. अमोसने झुडपातल्या माणसांत जायचं ठरवलं, आणि त्याच्यासाठी मला शिवायचं ठरलं.

माझं कापड हॅनाने विणलं. हॅना त्या घरची गुलाम होती. सरकारी खानेसुमारीत तिचं वय लिहिलेलं आहे, स्त्री असंही लिहिलेलं आहे, नाव लिहिलेलं नाही. म्हणून ते मी तुम्हाला सांगतो, हॅना. तिने सुताचा ताणा लावला, लोकरीचा बाणा भरला आणि अक्रोडाच्या हिरव्या टरफलांच्या काढ्यात मला बुडवून तपकिरी केलं. कापड कशासाठी हवंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच वर्षी उन्हाळ्यात ती चालत चालत कॅन्ससच्या हद्दीत गेली आणि स्वतंत्र झाली. अमोस ज्या बाजूने लढत होता, ती बाजू जिंकली असती तर हॅनाला परत त्या मागावर बसावं लागलं असतं. माझ्यासारख्या कापडाला याबद्दल काय वाटावं, हे मला अजून कळलेलं नाही.

लव्हिनियाने मला बेतलं आणि शिवलं. झुडपातल्या माणसांचे सदरे वेगळे असत. गळा खोल, छातीवर दोन आणि खाली दोन असे मोठे खिसे, आणि त्यांवर भरतकाम. खिसे मोठे, कारण घोडा दौडत असताना हात घातला की कागदी काडतुसं हाती लागली पाहिजेत. आणि भरतकाम कशाला, तर घरच्या बायकांना दुसरं काही करता येत नव्हतं. लव्हिनियाने तांबड्या लोकरीने साखळी टाक्याची फुलं भरली, पिवळ्याने त्यांचे मधले ठिपके. एकवीस दिवस लागले.

"फार नटवलंस," अमोस मला अंगात घालून म्हणाला. "लपायचंय मला, नाचायला नाही जायचं."

"परत ये," लव्हिनिया म्हणाली. "फुलं मोजून भरलीत. परत आलास की मोजून घेईन."

मग माझी कामाची दोन वर्षं सुरू झाली. त्या काळाचं वर्णन ऐकायला मुलांना आवडतं, पण त्यातला बराचसा काळ भुकेचा आणि चिखलाचा होता. चाळीसेक जणांची टोळी, आणि तिच्या म्होरक्याला सगळे कॅप्टन म्हणायचे, जरी ती पदवी त्याला कुणी दिली नव्हती. दिवसा रानात झोपायचं. बाजूच्या शेतांवरून भाकरी आणि बातम्या यायच्या. टपालगाडी लुटायची, पूल जाळायचा, तारा तोडायच्या. सगळ्यांत उपयोगी युक्ती कपड्यांची होती. मेलेल्या सरकारी सैनिकांचे निळे कोट काढून घ्यायचे आणि आपल्या सदऱ्यावर चढवायचे. समोरच्याला वाटायचं, आपलेच शिपाई आले. तो हसत जवळ यायचा. तेवढ्यात काम व्हायचं.

१८६४ च्या सप्टेंबरात ही टोळी जर्मन लोकांच्या वस्तीवर गेली. ते लोक दहा-पंधरा वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आले होते आणि जवळजवळ सगळे सरकारच्या बाजूचे होते. पहिल्याच घरासमोर हाइनरिख डॉर्फमन नावाचा शेतकरी सफरचंदं उतरवत होता. निळे कोट पाहून तो शिडीवरून खाली आला. त्याने टोपली पुढे केली. अमोसने एक सफरचंद घेतलं.

"तूही शिपाई आहेस का?" कॅप्टनने विचारलं.

"हो तर," हाइनरिख मोडक्या इंग्रजीत अभिमानाने म्हणाला. "गावच्या रखवालीच्या तुकडीत आहे. बंदूक घरात आहे, दाखवू?"

गोळी अमोसने झाडली. तेव्हा मी कोटाच्या आत होतो आणि माझ्या खिशात सफरचंद होतं.

हाइनरिखची बायको गेर्ट्रूड घरातून धावत आली. घोड्यावर बसलेल्या अमोसला ओढायला तिने हात वर केले. कोटाची बटणं उघडी होती. तिच्या मुठीत माझा खालचा डावा खिसा आला. अमोसने घोड्याला टाच मारली आणि मी टर्रकन फाटलो. काडतुसं रस्त्यावर सांडली. उरलेली बांधायला त्याला काहीतरी हवं होतं. वाळत घातलेल्या कपड्यांतून त्याने एक निळा कपडा ओढून घेतला. पायरीवर एक लहान मुलगी उभी होती. ती रडत नव्हती. नुसती बघत होती.

आठवड्याने अमोस चोरून घरी गेला आणि मला लव्हिनियापुढे टाकून म्हणाला, "खिसा शिवून दे."

"फुलं कुठायत इथली?"

"फाटली. झाडीत अडकलो. ठिगळ लाव. हे कापड घे."

लव्हिनियाने निळा कपडा उलगडला. त्यावर पांढऱ्या बारीक कळ्या छापलेल्या होत्या. खांद्याचे पट्टे होते, मागे बांधायचे बंद होते. तिने तो स्वतःच्या छातीशी धरून पाहिला. तो तिच्या कमरेपर्यंतही पोचत नव्हता.

"हा कुणाचा रे?"

"फेरीवाल्याकडून घेतला."

"वापरलेला? इथे दुधाचा डाग आहे, अमोस."

अमोस चुलीकडे बघत राहिला. तिने पुन्हा विचारलं नाही. कात्री घेतली, एप्रनचा तुकडा कापला आणि खिशाच्या आतल्या बाजूने, बाहेरून कुणाला दिसणार नाही असा, बारीक टाक्यांनी लावला. उरलेला एप्रन तिने धुऊन पेटीत ठेवला. मी पाहिलेलं एवढंच. ती रडल्याचं मला आठवत नाही. पण त्यानंतर टोळीतल्या दोघांच्या आया सदरे भरून घ्यायला तिच्याकडे आल्या, तेव्हा तिने बोटं दुखतात म्हणून सांगितलं.

युद्ध संपलं. अमोस शरण आला, त्याने निष्ठेची शपथ घेतली, शेती केली, लग्न केलं, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसू लागला. तीस वर्षांनी झुडपातल्या म्हाताऱ्यांचे मेळावे भरायला लागले. तिथे मला पुन्हा बाहेर काढलं गेलं. भाषणं झाली, फोटो निघाले, बायकांनी माझ्या फुलांना हात लावून वाहवा केली. अमोसचं पोट सुटलं होतं, त्यामुळे काखेची शिवण उसवली. तो लव्हिनियाकडे गेला. ती तोवर शिवणकामावर जगणारी एकटी बाई झाली होती.

"एवढं सैल करून दे. पुढच्या महिन्यात मेळावा आहे."

"मी तुला एकदा शिवून दिला," ती म्हणाली, "आणि एकदा ठिगळ लावून दिलं. आता दुसरं कुणी बघ."

त्यानंतर मी बहुतेक अंधारातच होतो. आधी अमोसची ट्रंक, मग त्याच्या मुलाचं पोटमाळ्यावरचं कपाट. लोकर किडे खातात हे तुम्हाला माहीत असेल. माझी आठ फुलं गेली. उंदरांनी पाठीचा एक कोपरा नेला. ऐंशीएक वर्षांनी अमोसचा पणतू वेंडेल टॅकेट याने मला झटकून गावच्या संग्रहालयाला ठेवायला दिलं. त्यांनी मला तारेच्या हँगरवर टांगलं आणि दक्षिणेच्या खिडकीत लावलं. पुढची चाळीस-पन्नास वर्षं ऊन माझी तांबडी फुलं थोडी थोडी पिऊन टाकत राहिलं. खाली पाटी होती. 'शूर अमोस टॅकेट, घरादाराचा राखणदार. त्याच्या प्रेमळ बहिणीने विणून, भरून दिलेला सदरा.'

गेल्या मे महिन्यात यामिनी आली. इचलकरंजीला टेक्स्टाइल शिकून ती इथे जुने कपडे जपण्याचा अभ्यासक्रम करत होती आणि पदवीसाठी एका संग्रहालयात उन्हाळाभर काम करणं भाग होतं. तिच्याकडे गाडी नव्हती. कॅन्ससमधल्या ओव्हरलँड पार्क शहरात एका कंपनीत काम करणारा तिचा मावसभाऊ ऋषी तिला शनिवारी सोडायला यायचा आणि कंटाळला की आत येऊन बसायचा.

"चार खिसे? कार्गो शर्टच की हा!" तो पहिल्याच दिवशी म्हणाला.

"हात नको लावू. आधी हात धुऊन ये."

"यामे, म्हणजे हे लोक घोड्यावर यायचे, अटॅक करायचे, जंगलात गायब! यार, प्युअर गनिमी कावा. आपल्याकडे असते तर पोवाडा लिहिला असता यांच्यावर."

"इथेही लिहिलाय. लेबल वाच."

ऋषीने वाचलं. "मग? छान आहे की."

"बहिणीने विणला म्हणतायत. घरात माग कोण चालवत होतं मग? मी सेन्सस चेक केला. एक बाई आहे, एज थर्टी-टू. नाव नाही. ती विणायची की नाही मला माहीत नाही. पण यांनाही माहीत नाहीये ना."

"तू ना, सगळ्यात खुसपट काढतेस."

यामिनीने मला हँगरवरून उतरवलं. त्या दिवशी मला खांदे असल्याचं पहिल्यांदा जाणवलं. बारीक जाळी ठेवून तिने व्हॅक्यूमने माझ्यावरची धूळ ओढून घेतली, सुरकुत्या यंत्रातून येणाऱ्या गार धुक्याने सोडवल्या. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिने डावा खिसा उलटा केला आणि हातातला चिमटा खाली ठेवला.

ठसा देऊन निळीत बुडवलेलं कापड तिला लगेच ओळखू आलं. ठशाचा लेप जिथे बसतो तिथे नीळ चढत नाही, कापड पांढरं राहतं. तिने पुस्तकं काढली, जाणकारांना फोटो पाठवले, उत्तरं आली. अशी छपाई जर्मन लोक बरोबर घेऊन आले होते. तुकड्याच्या एका कडेला पट्टा जोडल्याची शिवण होती, अरुंद, लहान खांद्याच्या मापाची.

संग्रहालयाच्या प्रमुख डोना विल्की यांना तिने हे दाखवलं. डोनाबाई दयाळू होत्या आणि घाबरटही.

"अहवालात 'नंतरची दुरुस्ती' एवढंच लिही," त्या म्हणाल्या. "सदरा अजून वेंडेलच्या मालकीचा आहे. त्यांनी काढून नेला तर आपल्याकडे बघायला येणार कोण?"

त्याच शनिवारी यामिनीने ऋषीला कामाला लावलं. युद्धकाळातल्या लष्करी अधिकाऱ्यांनी गावोगाव जबान्या घेतल्या होत्या आणि त्या कागदांचे फोटो आता इंटरनेटवर आहेत. अक्षर इतकं किचकट की ऋषीच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला ते वाचता येईना. मग तो स्वतः वाचत बसला, तीन वीकेंड. चौथ्या शनिवारी, तिला सोडून घरी गेल्यावर, तो फोनवर होता आणि यामिनी माझ्या बाहीला जाळी शिवत होती.

"यामे, बसलीयेस ना? ऐक. गेर्ट्रूड डॉर्फमन. सप्टेंबर सिक्स्टी-फोर. तीच काउंटी." तो थांबून थांबून, इंग्रजीचं मराठी करत वाचू लागला. "'ते निळ्या कोटात होते म्हणून माझ्या नवऱ्याने त्यांना सफरचंदं दिली. ज्याने गोळी घातली त्याच्या कोटाखाली फुलं भरलेला सदरा होता. मी त्याचा खिसा फाडला. त्याने दोरीवरून माझ्या मुलीचा निळा एप्रन नेला.'"

यामिनीची सुई थांबली होती.

"आहेस का?" ऋषीने विचारलं.

"आहे."

"पुढे नाव वगैरे नाही. तिला माहीत नसणार." मग तो म्हणाला, "मी पोवाडा म्हणालो होतो ना. ते कॅन्सल कर."

वेंडेल टॅकेटला डोनाबाईंनी फोन केला. त्याचं उत्तर एका ओळीत आलं. ते ठिगळ मूळ सदऱ्याचा भाग नाही, ते काढून टाका. नाहीतर सदरा परत न्यायला येतो. डोनाबाईंनी उसवायची बारीक कात्री टेबलावर आणून ठेवली. यामिनीच्या पदवीच्या कागदावर त्यांची सही लागणार होती, हे दोघींनाही माहीत होतं.

"चार टाके आहेत फक्त," डोनाबाई म्हणाल्या.

"छप्पन्न," यामिनी म्हणाली. "लेबल तुम्ही म्हणाल तसं लिहा, माझं नाव नका घालू. पण कात्री मी लावणार नाही. त्यांना आधी एकदा येऊन बघू द्या."

वेंडेल आला तेव्हा मला न्यायला खोकं घेऊन आला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, उंच, वाकलेला. यामिनीने काही समजावलं नाही. खिसा उलटा करून दाखवला आणि जबानीचा कागद शेजारी ठेवला. त्याने वाचला. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिला.

"केवढी होती मुलगी?" त्याने विचारलं.

"पट्ट्यावरून वाटतं, चार-पाच वर्षांची."

"माझ्या आजोबांना अमोसने मांडीवर बसवून लढाईच्या गोष्टी सांगितल्या होत्या. आजोबांनी मला सांगितल्या. सगळ्या मला पाठ आहेत. ही त्यात नव्हती."

"हा अमोसच होता, असं मी कागदावर लिहू शकत नाही, मिस्टर टॅकेट. कापड जेवढं सांगतं तेवढंच लिहीन."

"तुम्ही नका लिहू," वेंडेल म्हणाला. "मला वाचता येतं."

त्याने ठिगळाला हात लावला नाही. लव्हिनियाचे टाके मात्र डोळ्यांनी एकेक करून पाहिले.

"हिने हे फेकून का नाही दिलं?"

"मला माहीत नाही," यामिनी म्हणाली.

तो खोकं तिथेच विसरून गेला. दोन आठवडे त्याच्याकडून काही कळलं नाही. डोनाबाई कात्रीकडे बघायच्या आणि उचलून ठेवायच्या नाहीत. यामिनी माझ्या पाठीचा कोपरा सांधत राहिली, आईशी बोलणंही तिने कमी केलं. मग एका मंगळवारी टपालाने पाकीट आलं. वेंडेलने मला संग्रहालयाला कायमचं देऊन टाकलं होतं. सोबत जुन्या पाटीचा मजकूर त्याने हाताने लिहून पाठवला होता. 'शूर' या शब्दावर काट होती. 'विणून' वर काट होती. 'प्रेमळ' तसाच ठेवला होता आणि खाली लिहिलं होतं, हा राहू द्या.

डोनाबाईंनी सही केली. यामिनी ऑगस्टमध्ये गेली. जाताना तिने मला या पेटीत निजवलं, डावा खिसा उघडा राहील असा. नव्या पाटीवर ठिगळाचं कापड कसलं ते लिहिलं आहे, कापड विणणाऱ्या बाईचं नाव माहीत नाही असंही लिहिलं आहे, आणि शेजारी गेर्ट्रूडची जबानी आहे.

उद्घाटनाला वेंडेल आला नाही. नंतर एकदा दुपारी एकटाच आला, दालन रिकामं असताना. त्याने जबानी मोठ्याने वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. जर्मन नावाशी तो अडखळला. "हेन्रिक," म्हणाला. ते बरोबर वाटेना म्हणून पुन्हा कागदाजवळ वाकला, अक्षरं लावली आणि म्हणाला, "हाइनरिख. हाइनरिख डॉर्फमन." मग टोपी घालून निघून गेला.

मित्रांनो, तुमच्याही घरी जुनं काही ना काही असेल. शेला असेल, तलवार असेल, कुणाचा तरी फोटो असेल. त्याला उन्हात टांगू नका. तारेच्या हँगरवर तर मुळीच नको, खांदे दुखतात. वर्षातून एकदा उघडा, किडे झाले का बघा, हात धुऊन मग स्पर्श करा. आणि आतल्या बाजूला एखादं ठिगळ सापडलं, तर ते कुणाचं, कुठून आलं, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. ते म्हणतील, फेरीवाल्याकडून घेतलं. पुन्हा विचारा. पण कुणी कात्री हातात दिली, तर घेऊ नका.